‘भंडारा’चे ‘भ, ड, र’ का होतात? पायथनमधले रेजेक्स मॉडिफायर आणि मराठी मजकूर

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत: भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर. ही सात नावं एका फाइलमध्ये मराठीत टाइप करा आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला ‘यातले शब्द वेगळे काढून दे’ असं सांगा. त्यासाठी जवळपास प्रत्येक पुस्तकात जो पॅटर्न पहिल्याच धड्यात शिकवतात, तोच वापरा. भंडाराचे ‘भ’, ‘ड’, ‘र’ असे तीन तुकडे होतात. साकोलीचे ‘स’, ‘क’, ‘ल’ आणि मोहाडीचे ‘म’, ‘ह’, ‘ड’. लाखांदूरचे तर चार तुकडे. तुमसरचं ‘त’ आणि ‘मसर’ होतं, लाखनीचं ‘ल’ आणि ‘खन’. पवनी मात्र ‘पवन’ होऊन बाहेर येते.

यातली शेवटची चूक सगळ्यात वाईट. ‘भ, ड, र’ पाहून कुणालाही काहीतरी बिनसल्याचं कळेल. ‘पवन’ हा धडधाकट मराठी शब्द आहे, त्यामुळे हजार ओळींच्या यादीत तो सहज खपून जातो. आणि पायथन यातल्या कशावरही एरर देत नाही.

हे टाळायचं तर रेग्युलर एक्स्प्रेशनचे मॉडिफायर नेमकं काय करतात आणि काय करत नाहीत, हे माहीत हवं. अधिकृत दस्तावेजांत प्रत्येक मॉडिफायरची माहिती असते, पण ती लिहिताना डोळ्यांपुढे बहुतेक वेळा रोमन लिपी असते. इथे तीच माहिती मराठी मजकूर समोर ठेवून दिली आहे. (या लेखात मॉडिफायरची अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीतच द्यावी लागतात.)

मॉडिफायर म्हणजे काय?

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे रेजेक्स, हा मजकुरातली एखादी ‘जात’ शोधण्याचा नमुना असतो. ‘पवनी हा शब्द शोध’ ही साधी शोधाशोध झाली. ‘ओळीच्या सुरुवातीला तालुक्याचं नाव आणि त्यापुढे आकडा असेल अशा सगळ्या ओळी शोध’ यासाठी रेजेक्स लागतो. अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना मांडली. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ती संगणकावरच्या मजकूरशोधासाठी वापरली आणि तेव्हापासून ती जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत पोचली आहे.

नमुना तोच ठेवून तो ‘कसा वाचायचा’ हे बदलणारी खूण म्हणजे मॉडिफायर. पर्ल आणि पीएचपी या भाषांत ‘मॉडिफायर’ म्हणतात, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘फ्लॅग’. नाव वेगळं, काम एकच.

पायथनमध्ये फ्लॅग तीन प्रकारे देता येतो. शोधाच्या फंक्शनला ‘फ्लॅग्ज’ या नावाने देता येतो, नमुना आधी ‘कंपाइल’ करताना देता येतो, किंवा नमुन्याच्याच सुरुवातीला कंसात प्रश्नचिन्ह आणि अक्षर लिहून देता येतो. तिसऱ्या प्रकारात एक बदल लक्षात ठेवायला हवा. संपूर्ण नमुन्याला लागू होणारी अशी खूण पूर्वी नमुन्यात मध्ये कुठेही चालायची. पायथन ३.११ पासून ती सुरुवातीलाच असावी लागते, नाहीतर एरर येते. जुना कोड नव्या मशीनवर नेल्यावर अचानक बंद पडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. नमुन्याच्या एखाद्याच भागाला फ्लॅग लावायचा असेल, तर तो भाग कंसात घेऊन आणि प्रश्नचिन्ह, अक्षर, मग विसर्गचिन्ह असं लिहून लावता येतो. ही सोय ३.६ पासून आहे.

एकापेक्षा जास्त फ्लॅग उभ्या रेघेने ( | ) जोडतात. आतमध्ये प्रत्येक फ्लॅग हा फक्त एक आकडा असतो: ‘आय’ म्हणजे २, ‘एम’ म्हणजे ८, ‘एस’ म्हणजे १६, ‘एक्स’ म्हणजे ६४. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण ते आकडे आहेत एवढं ध्यानात असू द्या. त्यांच्यापायी होणारा घोटाळा पुढे येतो.

‘आय’: मराठीत निरुपयोगी, कधी कधी घातक

‘आय’, म्हणजे इग्नोअरकेस, हा सगळ्यात प्रसिद्ध फ्लॅग. रोमन लिपीतलं लहान आणि मोठं अक्षर तो एकच मानतो. भंडारा आरटीओच्या गाड्यांचा नंबर ‘एमएच ३६’ने सुरू होतो. यादीत कुणी ही दोन अक्षरं मोठी लिहिली असतील, कुणी लहान, तर ‘आय’ लावल्यावर दोन्ही सापडतात.

देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे मराठी मजकुरावर हा फ्लॅग काहीच करत नाही. तो ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मिटवेल अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. ‘लाखांदूर’ आणि ‘लाखांदुर’ त्याच्या लेखी दोन वेगळे शब्दच राहतात. दोन्ही पकडायचे तर नमुन्यातच तशी सोय करावी लागते:

लाखांद[ुू]र

चौकोनी कंसात दोन्ही उकार दिले, की त्यातला कुठलाही चालतो. पडद्यावर ते विचित्र दिसतात, उकारासोबत ठिपक्यांचं वर्तुळही दिसू शकतं, पण नमुना बरोबर आहे. हिंदी वळणाने ‘भण्डारा’ लिहिलेल्या कागदपत्रांसाठी असंच करता येतं:

भ(?:ं|ण्)डारा

इथे साध्या कंसाऐवजी प्रश्नचिन्ह आणि विसर्गचिन्ह असलेला कंस मुद्दाम आहे. साधा कंस वापरला, तर ‘सगळे शोध’ हे फंक्शन पूर्ण नाव न देता फक्त कंसातला अनुस्वार किंवा ‘ण्’ हातात ठेवतं.

आता घातक बाजू. सरकारी आणि छापखान्यांच्या जुन्या फाइल्स बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसतात, कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. फाँट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. कृतिदेवमध्ये रोमन लहान ‘डी’ म्हणजे ‘क’ आणि मोठा ‘डी’ म्हणजे अर्धा ‘क्’. लहान ‘के’ म्हणजे काना, मोठा ‘के’ म्हणजे ‘ज्ञ’. अशा फाइलवर ‘आय’ लावला, तर काना आणि ‘ज्ञ’ एकच समजले जातात! मराठी मजकुरावर या फ्लॅगचा परिणाम होतो तो एवढ्याच एका परिस्थितीत, आणि तो चुकीचा असतो. अशा फाइलला आधी युनिकोडमध्ये आणणं हाच उपाय, रेजेक्स त्यानंतर.

‘एम’ आणि ‘एस’: नावात सारखे, कामात नाहीत

‘एम’ म्हणजे मल्टिलाइन. ^ ही खूण ‘सुरुवात’ आणि $ ही खूण ‘शेवट’ दाखवते. प्रश्न असा, की कशाची सुरुवात? फ्लॅग नसेल तर संपूर्ण मजकुराची. फाइलची पहिली ओळ ‘भंडारा’ने सुरू होत असेल आणि ‘पवनी’ दुसऱ्या ओळीवर असेल, तर ^पवनी हा नमुना काहीच शोधणार नाही. ‘एम’ लावला, की प्रत्येक ओळीची सुरुवात आणि प्रत्येक ओळीचा शेवट धरला जातो. मग पवनी सापडते.

तरीही पवनी$ सापडत नसेल, तर संशय विंडोजवर घ्यावा. विंडोजमध्ये ओळ संपताना दोन अदृश्य चिन्हं पडतात आणि $ त्यातल्या दुसऱ्याच्या आधी थांबतो, म्हणजे पहिलं चिन्ह ‘पवनी’ला चिकटून राहतं. पायथनमध्ये फाइल नेहमीच्या पद्धतीने, मजकूर म्हणून उघडली, तर हे आपोआप दुरुस्त होतं. बाइट्स म्हणून वाचून नंतर मजकुरात बदलली, तर होत नाही.

‘एस’ म्हणजे डॉटऑल. टिंब ( . ) ही खूण ‘कुठलंही एक चिन्ह’ असं सांगते, अपवाद फक्त नव्या ओळीचा. ‘एस’ तो अपवाद काढून टाकतो. एखाद्या शेतकऱ्याची नोंद तीन ओळींत पसरली असेल, तर ती एका झटक्यात पकडायला हा उपयोगी. पण तालुका.*गाव असा नमुना ‘एस’सह लावला, तर तो पहिल्या नोंदीतल्या ‘तालुका’पासून फाइलमधल्या शेवटच्या ‘गाव’पर्यंत सगळंच गिळतो. चांदणीपुढे प्रश्नचिन्ह देऊन तालुका.*?गाव असं लिहिलं, की तो पहिल्या ‘गाव’पाशी थांबतो.

रुबी या भाषेत नेमका गोंधळ आहे. तिथे ‘एम’ हे अक्षर पायथनच्या ‘एस’चं काम करतं, आणि ^ व $ कायमच ओळीला लागू असतात. एका भाषेतला नमुना दुसऱ्या भाषेत उचलून नेणाऱ्यांनी आधी अक्षर तपासावं.

टिंबाबद्दल आणखी एक. ‘एक चिन्ह’ म्हणजे मराठी माणूस ज्याला एक अक्षर म्हणतो ते नव्हे. संगणकाच्या लेखी ‘भंडारा’ हा तीन अक्षरांचा शब्द नाही. तो सहा चिन्हांचा आहे: भ, अनुस्वार, ड, काना, र, काना. ‘लाखांदूर’ आठ चिन्हांचा. ‘नाव जास्तीत जास्त दहा अक्षरं’ अशी अट घालणारे ऑनलाइन फॉर्म मराठी नावांना लवकर नाकारतात ते यामुळे.

‘एक्स’: नमुना स्वतःच समजावून सांगतो

रेजेक्स लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने तो वाचता येत नाही, हा या धंद्यातला जुना विनोद आहे. ‘एक्स’, म्हणजे व्हर्बोज, हा त्यावरचा उपाय. पर्लच्या पाचव्या आवृत्तीत १९९४ मध्ये तो आला आणि तिथून इतर भाषांनी घेतला. तो लावला, की नमुन्यातल्या मोकळ्या जागा आणि नव्या ओळी दुर्लक्षिल्या जातात आणि # च्या पुढचा मजकूर टीप मानला जातो. ही टीप मराठीतही लिहिता येते. तालुका आणि गट क्रमांक असलेल्या ओळी शोधायच्या असतील, तर नमुना असा दिसेल:

^
(भंडारा|तुमसर|मोहाडी|पवनी|साकोली|लाखनी|लाखांदूर)  # तालुका
[ ]+       # मधली मोकळी जागा
([०-९]+)   # गट क्रमांक, देवनागरी अंकांत
$

हा ‘एक्स’ आणि ‘एम’ दोन्ही जोडून चालवायचा. मोकळ्या जागेभोवतीचा चौकोनी कंस शोभेचा नाही. तो काढला, तर ‘एक्स’ ती जागा पुसून टाकतो आणि नमुना ‘पवनी१२’ असं जोडून लिहिलेलं शोधत बसतो. आधी नीट चालणाऱ्या नमुन्याला नंतर ‘एक्स’ लावला, की हमखास हेच घडतं.

‘ए’, ‘यू’ आणि ‘एल’: भंडारा तुटतो तो इथे

आता सुरुवातीच्या तुकड्यांकडे. शब्द शोधण्यासाठी जो नमुना शिकवतात, तो बॅकस्लॅश आणि डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दात येऊ शकणारं कुठलंही चिन्ह’, आणि पुढे अधिकचं चिन्ह. शब्दात काय येऊ शकतं, हे ठरवणारे तीन फ्लॅग पायथनमध्ये आहेत.

‘ए’, म्हणजे आस्की, फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि अधोरेख एवढंच मानतो. तो लावल्यावर ‘भंडारा’तून काहीच बाहेर येत नाही, तुकडेसुद्धा नाहीत. ‘एल’, म्हणजे लोकेल, मशीनच्या भाषा-सेटिंगवर चालतो. ३.६ पासून तो फक्त बाइट्सवर लागतो आणि मराठीसाठी त्याचा काही उपयोग नाही. ‘यू’, म्हणजे युनिकोड, हा पायथन २ च्या काळात मराठीसाठी आवश्यक होता. पायथन ३ मध्ये मजकुरासाठी तोच मूळ नियम आहे, त्यामुळे वेगळा लावून काही बदलत नाही. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, पण ‘यू लावा, मराठी चालेल’ हा सल्ला अजून फिरतोच आहे.

म्हणजे ‘यू’ आधीपासूनच लागू आहे आणि भंडारा तरीही तुटतो. कारण पायथनची व्याख्या. त्याच्या मते शब्दातलं चिन्ह म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेख. युनिकोडमध्ये ‘भ’, ‘ड’, ‘र’ यांची नोंद अक्षर म्हणून आहे. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची नोंद ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या गटात आहे. पायथन हा गट शब्दात धरत नाही. रोमन लिपीत हा प्रश्न क्वचितच उभा राहतो. देवनागरीत मात्र जोडचिन्हांशिवाय फार थोडे शब्द लिहिता येतात. भंडाऱ्याच्या सातही तालुक्यांत असं एकही नाव नाही.

युनिकोड संस्थेचा रेजेक्सविषयीचा तांत्रिक दस्तावेज, क्रमांक १८, जोडचिन्हं शब्दात धरावीत असंच सांगतो. पर्ल ती धरते. पायथनच्या बग-नोंदींत या विषयावरची तक्रार २००७ पासून आहे. गंमत म्हणजे पायथन ३ मध्ये ‘भंडारा’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनतक्रार चालतं. भाषेला हा एक शब्द आहे हे मान्य आहे, फक्त तिच्या रेजेक्स विभागाला नाही.

खरा फटका मात्र तुकड्यांपेक्षा ‘शब्दसीमे’ने बसतो. बॅकस्लॅश आणि बी ही खूण ‘इथे शब्द सुरू होतो किंवा संपतो’ असं सांगते. पूर्ण शब्दच सापडावा म्हणून नावाच्या दोन्ही बाजूंना ती लावायची रीत आहे. ही सीमा कुठे पडते? शब्दातलं चिन्ह आणि शब्दाबाहेरचं चिन्ह यांच्या मध्ये. ‘पवनी’ची शेवटची वेलांटी पायथनच्या लेखी शब्दाबाहेरची. पुढची मोकळी जागाही शब्दाबाहेरची. दोन बाहेरच्यांमध्ये सीमा पडत नाही, म्हणून ‘पवनी तालुका’ या मजकुरात ‘पवनी’ हा पूर्ण शब्द सापडत नाही. उलट ‘पवनीत’ किंवा ‘पवनीला’ असेल तर सापडतो, कारण वेलांटीनंतर लगेच अक्षर येतं आणि तिथे सीमा पडते. म्हणजे जे नको ते मिळतं आणि जे हवं ते नाही.

समजा, धान खरेदीसाठी नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची यादी आहे, प्रत्येक ओळीत तालुक्याचं नाव सुटं लिहिलेलं आहे, आणि कुणी या पद्धतीने तालुकावार मोजणी केली. तुमसर आणि लाखांदूर ‘र’ने संपतात, त्यामुळे त्यांचे आकडे बरोबर येतील. भंडारा, मोहाडी, पवनी, साकोली आणि लाखनी या पाच तालुक्यांपुढे शून्य येईल. पाच शून्यं निदान डोळ्यांत भरतात. ‘पवनी’ऐवजी शेतकऱ्यांची नावं शोधायची असतील, तर ‘र’ किंवा ‘न’ने संपणारी नावं सापडतील, वेलांटी किंवा काना असलेली गळतील, आणि बेरीज खरी वाटावी इतपत मोठी राहील.

मग करायचं काय?

एकही फ्लॅग हे दुरुस्त करत नाही. दोन रस्ते आहेत.

पहिला, शब्दातली चिन्हं स्वतः सांगायची. युनिकोडमध्ये देवनागरीचा सलग पट्टा आहे. त्यातले पूर्णविरामाचे दंड आणि अंक वगळले, की उरतो हा वर्ग:

[ऀ-ॣॱ-ॿ]+

हा लावला, की सातही नावं अखंड बाहेर येतात. दुसरा तुकडा विसरू नये. ‘ॲप’, ‘ॲड.’ यांतला ‘ॲ’ त्या पट्ट्यात राहतो. शब्दसीमेऐवजी ‘मागे देवनागरी नाही आणि पुढेही नाही’ अशी अट घालायची:

(?<![ऀ-ॣॱ-ॿ])पवनी(?![ऀ-ॣॱ-ॿ])

आता ‘पवनी तालुका’ मिळतो आणि ‘पवनीला’ मिळत नाही. लांबलचक आहे, पण एकदा लिहून ठेवला की काम भागतं.

दुसरा रस्ता म्हणजे मॅथ्यू बार्नेट यांची ‘रेजेक्स’ याच नावाची वेगळी लायब्ररी. ती इन्स्टॉल करावी लागते. तिच्यात डब्ल्यूची व्याख्या जोडचिन्हांना सामावून घेते आणि बॅकस्लॅश-मोठा एक्स ही खूण मराठी माणसाच्या कल्पनेच्या जवळचं अक्षर, म्हणजे ‘भं’, ‘डा’, ‘रा’ असं एकेक, पकडते. फ्लॅगची नावं पायथनच्या मूळ विभागासारखीच आहेत, त्यामुळे कोडमध्ये फारसा बदल करावा लागत नाही. मराठी मजकुरावर रोज काम करणाऱ्यांनी हाच रस्ता धरावा.

अंकांबाबत मात्र पायथनचं वागणं चांगलं आहे. बॅकस्लॅश-डी ही अंकाची खूण देवनागरी अंकही ओळखते. भंडाऱ्याचा पिनकोड ४४१९०४ देवनागरीत असो वा इंग्रजी अंकांत, सहा अंकांचा नमुना दोन्ही पकडतो, आणि पकडलेल्या देवनागरी आकड्यांची थेट बेरीजही करता येते. ‘ए’ फ्लॅग लावला तर फक्त इंग्रजी अंक उरतात. पुढची यंत्रणा देवनागरी अंक स्वीकारत नसेल, तर इथे ‘ए’ मुद्दाम लावावा. मराठीसाठी त्याचा हा एक खरा उपयोग आहे.

चौथ्या जागेचा सापळा

आता ते आकडे. मजकुरात बदल करणाऱ्या ‘सब’ या फंक्शनला क्रमाने काय द्यायचं? नमुना, नवा मजकूर, मूळ मजकूर आणि चौथ्या जागी ‘किती वेळा बदलायचं’ तो आकडा. फ्लॅगची जागा पाचवी. अनेकजण सवयीने फ्लॅग चौथ्या जागी देतात. फ्लॅग हा आतून आकडाच असल्याने पायथन तो मुकाट्याने घेतं.

‘पवनि’ असं चुकीचं लिहिलेलं नाव प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘पवनी’ करायचं आहे आणि ‘एम’ चौथ्या जागी दिला, असं धरा. पायथनला कळतं ते ‘आठ वेळा बदल’. आणि ‘एम’ फ्लॅग तर लागलेलाच नाही, म्हणून ^ फक्त मजकुराच्या सुरुवातीला चालतो. फार तर एक जागा दुरुस्त होते. नमुन्यात ^ नसेल, तर पहिल्या आठ जागा दुरुस्त होतात आणि नववीपासून चूक तशीच राहते. पडद्यावर वरच्या ओळी पाहून खात्री करणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

कंपाइल केलेल्या नमुन्याचा सापळा याचाच भाऊ. तिथे शोधताना मजकुरानंतर दिलेला आकडा म्हणजे ‘कुठून शोधायला सुरुवात करायची’. ‘एम’ दिला तर पहिली आठ चिन्हं सोडून शोध सुरू होतो, आणि फाइलच्या अगदी सुरुवातीचं नाव वगळलं जातं. उपाय साधा: फ्लॅग नेहमी ‘फ्लॅग्ज’ हे नाव लिहूनच द्यावा, आणि कंपाइल करायचं असेल तर कंपाइल करतानाच. पायथन ३.१३ पासून ‘सब’मध्ये नाव न लिहिता असा आकडा दिला, तर तो कालबाह्य प्रकार मानला जातो.

इतर भाषांत

जावास्क्रिप्टमध्ये डब्ल्यू, डी आणि शब्दसीमा या तिन्ही खुणा रोमनपुरत्याच आहेत, अगदी ‘यू’ लावला तरी. पण ‘यू’ लावल्यावर ‘युनिकोडमधली अक्षरं’ आणि ‘युनिकोडमधली जोडचिन्हं’ असे गट नावाने मागता येतात, ते पायथनच्या मूळ विभागात मिळत नाहीत. तिथला ‘जी’, म्हणजे ग्लोबल, सगळे जुळणारे तुकडे शोधायला लावतो. तो या घराण्यातला सगळ्यात जुना. युनिक्समधल्या ‘ग्रेप’ या आज्ञेच्या नावातलं पहिलं अक्षर हेच. पायथनला त्याची गरज नाही, कारण ‘सगळे शोध’ हे वेगळं फंक्शनच आहे. जावास्क्रिप्टमध्ये ‘जी’ असलेला नमुना मागचा शोध कुठे थांबला ते लक्षात ठेवतो, त्यामुळे तोच नमुना त्याच नावावर दोनदा तपासला, तर एकदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’ मिळू शकतं.

पीएचपीत ‘यू’ विसरणं सगळ्यात महाग. वर्डप्रेस पीएचपीवर चालतं, त्यामुळे मराठी वेबसाइटवाल्यांचा तिच्याशी संबंध येतोच. ‘यू’शिवाय पीएचपी मजकूर बाइटमध्ये मोजते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, म्हणजे ‘भंडारा’ अठरा बाइटचा. टिंब एका चिन्हाचा तिसरा हिस्सा पकडतं आणि वरचा [ुू] असलेला नमुना कधीच जुळत नाही.

‘ऱ्या’वर मॉडिफायर नाही

हे सगळं बरोबर केल्यावरही ‘शेतकऱ्यांची यादी’ हे शीर्षक काही फाइल्समध्ये सापडत नाही. कारण ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि ‘या’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडक आणि ‘या’. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो. दोन्ही पडद्यावर अगदी सारखे दिसतात, पण रेजेक्ससाठी ते वेगळे आहेत. युनिकोडचं प्रमाणीकरण करणारं पायथनचं फंक्शन नुक्ता वेगळा टाइप केलेला ‘ऱ’ एकत्र आणतं. अदृश्य जोडकाला ते हात लावत नाही.

अनेकजण मग सगळे अदृश्य जोडक सरसकट पुसतात. त्याने ‘र’चा रफार होऊन ‘या’वर चढतो आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना दिलेलं निमंत्रण ‘आचार्यांना’ जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ हे दोन ठेवायचे, त्यानंतर उरलेले जोडक काढायचे, आणि मग शोधाला लागायचं.